जोडीनं चालायचा नवस

अमळनेरला नोकरी लागली तेव्हा मला जे घर मिळालं, त्या घराला भाडेकरूची गरज होती. पैशासाठी नव्हे. भाडं त्यांनी इतकं कमी सांगितलं की मला वाटलं, खोलीतच काहीतरी खोट असणार. छत गळत असेल, नाहीतर कुणीतरी तिथं गळफास घेतला असेल. तसं काहीच निघालं नाही. खोली हवेशीर होती, खिडकीबाहेर कडुनिंब होता, नळाला पाणी होतं. अट फक्त एकच होती. खोलीचं एक दार बैठकीत उघडायचं आणि दुसरं स्वयंपाकघरात, आणि ही दोन्ही दारं मी घरात असेन तेव्हा उघडी ठेवायची. तरुण मुलीला खोली देताना असली अट कुणी घालतं का? मी विचारलं तर घरमालक म्हणाले, "कळेल तुम्हाला, बाई."

पहिल्याच दिवशी कळलं. जेवणाची वेळ झाली आणि घरमालकीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाली, "ताई, त्यासले सांग, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

'त्यासले' म्हणजे तिच्या नवऱ्याला. ते बैठकीत पेपर वाचत बसले होते. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं, कारण त्यांनी पेपर खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले. ते माझ्या सांगण्याची वाट पाहत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगा बाई, आलोच." आणि मी खुळ्यासारखी मागे वळून सांगितलं, "येताहेत." मग दोघं एकाच ओट्याशी पाट मांडून जेवायला बसले. भाजी वाढ, मीठ दे, बस झालं, सगळं माझ्यामार्फत. माझा घास हातातच राहिला.

त्या घरात मी काही वर्षं राहिले आणि हे काम केलं. माझ्याआधी एक बँकेतला मुलगा होता, त्याच्याआधी कॉलेजातल्या दोन मुली. मधे खोली रिकामी पडली की शेजारच्या बाईला हाका मारून बोलावत म्हणे, आणि तीही नसली तर दोघं गप्प राहत.

गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत आणि बाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले. दोघंही आता नाहीत. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. अक्कांविषयी मी लिहीन तेवढं कमी. मास्तरांविषयी गोड लिहायचं म्हटलं की माझा हात अडतो. माझा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचा मला राग येई, आणि अजून येतो.

मास्तर ख्रिस्ती होते, आजोबांपासून. मिशनच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, उन्हाळ्यातसुद्धा. रस्त्यानं चालताना हात मागे बांधायचे आणि भेटेल त्याला अडवून एकच गोष्ट समजावून सांगायचे: माणूस देवापुढे उभा राहतो तो विश्वासानं, कामांनी नाही. उपास, दानधर्म, वाऱ्या, वर्गण्या, मेणबत्त्या, सगळं व्यर्थ. देवानं जे करायचं ते करून टाकलंय, आपण फक्त हात पुढे करायचा. भाजीवाली असो, पोस्टमन असो, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला पोऱ्या असो, मास्तरांच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. भाजीवाली म्हणायची, "मास्तर, हात पुढे केला त मेथी देऊ का?" मास्तर हसायचे नाहीत. त्यांना विनोद कळत नव्हता असं नाही, पण या बाबतीत त्यांना तो चालत नव्हता.

त्यांच्या शाळेतला एक किस्सा मला एस.टी.त कळला. धरणगावहून येताना कंडक्टरनं मास्तरांना ओळखलं आणि त्यांचं तिकीट फाडता फाडता मला सांगू लागला. हे मास्तर दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात येऊन सांगायचे, "तुम्ही सगळे पास. मी पास केलं. आता भीती गेली. आता शिका." हेडमास्तर डोकं धरून बसायचे. मास्तरांचं म्हणणं, नापास होण्याच्या भीतीनं केलेला अभ्यास तो अभ्यासच नव्हे. पास झालोय या आनंदात जो पुस्तक उघडतो तोच खरा विद्यार्थी.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय! मी आनंदात वर्षभर क्रिकेट खेळलो," कंडक्टर म्हणाला.

मास्तर खिडकीबाहेर कापसाची शेतं पाहत होते, तिकडेच पाहत म्हणाले, "तू पास होतास की नाही?"

"तुमच्याकडे होतो, मास्तर. बोर्डाकडे नव्हतो."

बसमधले लोक हसले. स्टँडवर उतरल्यावर मास्तर मला म्हणाले, "त्या वर्गातला एक जण आज डॉक्टर आहे. तोही पहिल्या दिवशीच पास झाला होता." ते खरंच होतं. ज्याला झेपलं त्याचं भलं झालं, ज्याला नाही झेपलं तो घंटी वाजवत फिरतोय, आणि मास्तरांना दोघं सारखेच प्रिय. त्यांच्या हिशोबात चूक कधी निघतच नसे.

चर्चमध्ये तर ते सगळ्यांच्या डोक्याला ताप होते. मी हिंदू, यावलकडची, केळीवाल्यांच्या घरातली, पण रविवारी घरात एकटी बसून काय करायचं म्हणून कधीकधी त्या दोघांबरोबर जायची. मी मधे, एका बाजूला अक्का आणि दुसऱ्या बाजूला मास्तर. चर्चमधल्या पंख्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली होती. प्रत्येक पात्यावर लाल अक्षरांत अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून. मास्तरांना ती नावं सहन होत नसत. आत शिरल्या शिरल्या ते भिंतीपाशी जाऊन सगळ्या पंख्यांची बटणं दाबत. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही. उन्हाळ्यात ठीक होतं. पण ते नाताळच्या उपासनेलाही पंखे लावत. खान्देशातली डिसेंबरची सकाळ, लोक शाली पांघरून आलेले, म्हाताऱ्या कुडकुडताहेत, आणि वर सगळे पंखे गरगर फिरताहेत.

तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण होते, मवाळ होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, थंडी आहे हो."

"नावं दिसतात, पाळकसाहेब. नावं दिसली की माझं लक्ष देवावरून उडतं."

"पण लोकांना सर्दी होईल."

"सर्दी बरी. गर्वापेक्षा लवकर जाते."

मला हसू आवरेना. आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती, तिला खरंच खोकला झाला आणि तो महिनाभर गेला नाही. मास्तरांना त्याचं काही नाही. अक्का मात्र रोज सकाळी आडुळशाचा काढा उकळून, स्टीलच्या डब्यात भरून, पदराखाली धरून तिच्याकडे जात. मास्तरांनी कुठंतरी काही मोडायचं आणि अक्कांनी जाऊन सांधायचं, असं त्या घराचं चालू होतं. मास्तरांना हे माहीत होतं. एकदा डब्याकडे बघून मला म्हणाले, "तिला सांगा, काढ्यानं स्वर्ग मिळत नाही." अक्का चप्पल घालत होत्या. म्हणाल्या, "त्यासले सांग, काढाघाई खोकला जास." आणि गेल्या.

माझी आई एकदा मला भेटायला आली. आई म्हणजे नवसांचं दुकान. मी दहावी पास व्हावं म्हणून नवस, मला नोकरी लागावी म्हणून नवस, भावाची केळी वादळातून वाचावी म्हणून नवस. येताना तिनं मास्तरांच्या घरी द्यायला केळीची फणी आणि नारळ आणला होता. मास्तरांना आयतं सावज मिळालं. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि समजावायला सुरुवात केली. देवाला काही द्यायचं नसतं. तो लाच घेत नाही.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "देवाले काही द्यायचं नही, त मंग मांगायचं कोन्या तोंडानं, मास्तर?"

"बाई, मुलगी बापाकडे भाकर मागायला जाते ती नारळ घेऊन जाते का?"

आईनं जरा विचार केला. "आमच्याकडं त बापाकडंबी रिकाम्या हातानं नही जात," ती म्हणाली.

आणि स्वयंपाकघरातून अक्कांचं हसणं ऐकू आलं. त्या घरात मी ते एकदाच ऐकलं. मास्तरांनी झटकन तिकडे मान वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. बायको हसली म्हणून आशा लागली असेल. पण तोवर हसणं थांबलं होतं, आणि भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला होता.

बोलणं का बंद झालं, ते मला अक्कांनीच सांगितलं. दुपारी मास्तर झोपलेले असताना आम्ही दोघी मागच्या अंगणात तूर पाखडत बसलो होतो.

त्यांना एक मुलगी होती. कॉलेजात शिकत होती, तेव्हा साधारण माझ्या त्या वेळच्या वयाची. तिच्या रक्तात काहीतरी बिघडलं. मास्तरांनी तिला धुळ्याला नेलं, नाशिकला नेलं, मुंबईला नेलं. आजोबांच्या वेळची जमीन विकली. तिच्यासाठी स्वतःचं रक्त दिलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर झोपले, तिच्या उशाशी बसून तासन्‌तास प्रार्थना केली. यात मास्तर कुठं कमी पडले असं अक्कांनी एकदाही म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही.

पण डॉक्टरांनी हात वर केल्यावर अक्का एक नवस बोलल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या पलीकडे, कॅथलिकांचं मारियामातेचं एक ठिकाण आहे. मास्तरांच्या प्रोटेस्टंट मंडळीतले लोक तिथं जात नाहीत, म्हणजे सांगून जात नाहीत. तिथली रीत अशी की पोटच्या लेकरासाठी नवस असेल तर आईबापानं जोडीनं चालायचं, अनवाणी, चोपड्यापासून त्या टेकडीपर्यंत, आणि लेकराच्या उंचीची मेणबत्ती लावायची. एकट्या आईचा नवस चालत नाही, एकट्या बापाचाही नाही. अक्का धुळ्याकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या माहेरचे कॅथलिक, दरवर्षी लेकराबाळांसकट त्या वाटेनं चालत जाणारे.

"मी काय सोनं-नाणं बोलनू नही, ताई," अक्का म्हणाल्या. "दोन्हीजन चालूत, इतलंच बोलनू. मी त्यासले म्हननू, डाक्टरना बठ्ठं करा, मी नही म्हनत नही. पन मन्हं हाई एक करा."

मास्तर नाही म्हणाले. रागावून नाही. समजावून नाही म्हणाले, आणि तेच जास्त वाईट. बायकोचा हात हातात घेऊन त्यांनी तिला शास्त्र उलगडून सांगितलं. देवाशी घासाघीस करायची नाही. आपण चाललो म्हणून तो देणार आणि नाही चाललो म्हणून काढून घेणार, असा देव असेल तर तो आपल्या कामाचा नाही. आपल्या मुलीचं जे व्हायचं ते त्याच्या कृपेनं होईल, आपल्या तळव्यांनी नाही. त्या दिवसांत अक्कांनी त्यांना किती वेळा विनवलं ते अक्कांनाही आठवत नव्हतं. मुलीच्या उंचीचा दोरा त्यांनी मापून ठेवला होता, मेणबत्तीसाठी. तो दोरा त्या रोज कमरेला बांधून हिंडत.

मुलगी गेली.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या एका रविवारी साक्षी देतात. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची दारू सुटली. मास्तर दर वेळी उठत आणि एकच वाक्य बोलत: "माझ्याकडे सांगण्यासारखं एकही काम नाही. त्याच्याकडे आहे. बसतो." मंडळीला ते पाठ झालं होतं, तरणी पोरं खालच्या आवाजात बरोबर म्हणत. मुलीला पुरल्यानंतर पहिल्याच रविवारी साक्षी होत्या. मास्तर उठले. पुढच्या बाकांवरच्या लोकांनी मागे वळून पाहिलं. आणि मास्तर म्हणाले, "माझ्याकडे सांगण्यासारखं एकही काम नाही. त्याच्याकडे आहे. बसतो."

आवाज कापला नाही म्हणे. डोळ्यांत पाणी नाही. पाळकसाहेबांनी नंतर मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना मास्तरांचा हेवा वाटला होता, असला विश्वास आपल्याला कधी येणार म्हणून. अक्का मात्र उठल्या, दोन बाकांमधून वाट काढत बाहेर पडल्या आणि घरी गेल्या. घरी जाऊन त्यांनी स्वयंपाक केला. मास्तर आले तेव्हा शेजारीण सांत्वनाला येऊन बसली होती. अक्का तिला म्हणाल्या, "त्यासले सांग, जेवाले बठा." तेव्हापासून ते तसंच चाललं.

अक्कांनी घर सोडलं नाही, माहेरी गेल्या नाहीत. मास्तरांच्या शर्टाला रोज इस्त्री असे. त्यांना पथ्याची भाजी वेगळी असे. ताप आला तर रात्रभर त्यांच्या उशाशी बसत, पाण्याच्या पट्ट्या ठेवत, एक शब्द न बोलता. मास्तर सगळ्या गावाला सांगत फिरत होते की कामं व्यर्थ आहेत, विश्वास तेवढा पाहिजे. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात नेमकं उलटं होतं. कामं सगळी होत होती, विश्वास तेवढा उडाला होता. हे त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही.

सुरुवातीला मास्तर अक्कांशी सरळ बोलत म्हणे. उत्तर येईना तेव्हा हळूहळू तेही भाडेकरूमार्फत बोलू लागले. मी एकदा चिडून त्यांना विचारलं, "मास्तर, चालला असतात तर काय बिघडलं असतं? पाय थोडे सोलले असते."

"खोटं झालं असतं, बाई."

"कुणाशी?"

"त्याच्याशी."

"आणि अक्कांशी?"

त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसायला घेतला. "तिला मी सत्य सांगितलं," ते म्हणाले. "सत्य सांगण्यापेक्षा जास्त प्रेम कसं करतात ते मला माहीत नाही."

शब्दांत मास्तरांना कुणी कधी हरवलेलं नाही. पण माझ्या खोलीत येऊन मी चरफडले. माणूस बरोबर असू शकतो आणि तरी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटू शकते, हे मला त्या घरात समजलं. मास्तर म्हणत होते ते खरंच असेल, मी त्यांच्या धर्मातली नाही, मला काय कळतं. पण एक मला दिसत होतं. जगातल्या सगळ्यांची पुण्यकर्मं त्यांनी बाद ठरवली होती आणि स्वतःचं एक शिल्लक ठेवलं होतं. ते म्हणजे न चालणं. पोटची पोर जात असताना मी चाललो नाही, मी टिकलो, हे त्यांचं कर्म होतं आणि ते त्यांनी छातीशी धरून ठेवलं होतं. पंख्यावर नाव घालणाऱ्या देणगीदारांपेक्षा यात वेगळं काय होतं? हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलले असते तरी त्यांनी मला शांतपणे खोडून काढलं असतं.

मग अक्का आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. मी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे रिपोर्ट आधी माझ्याच हातात आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासलं आणि उशीर झाला आहे असं मला एकटीला सांगून घरी पाठवलं. मी बैठकीत जाऊन मास्तरांना सांगितलं, मग स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला सांगा, मी आहे." मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "माहीत शे."

त्या दिवसांत मास्तर भाकरी करायला शिकले. करपलेल्या, वाकड्यातिकड्या. अक्का अंथरुणातून माझ्यामार्फत सांगत, पीठ जास्त मळा, तवा तापू द्या. गावाला अडवून समजावणं बंद झालं. रविवारी चर्चला जाणंही बंद झालं. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून जात तेव्हा मास्तर दाराशी उभे राहत आणि 'आमेन' म्हणत, बाकी काही नाही.

एक दिवस सकाळी ते मला म्हणाले, "बाई, तिला सांगा, पेन्शनच्या कामाला धुळ्याला जातोय. मुक्काम पडेल. तुम्ही आज रजा काढाल का?" पेन्शनचं कसलं काम ते मी विचारलं नाही. रजा काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिक्षातून उतरले ते भिंतीला धरून. बैठकीत येऊन खाली बसले आणि त्यांचे पाय मला दिसले. तळव्यांना मोठमोठे फोड आले होते आणि काही फुटले होते. टाचेत काटा मोडलेला होता. चपला त्यांच्या हातातल्या पिशवीत होत्या, धूळसुद्धा न लागलेल्या.

मी गरम पाणी आणलं, काटा काढला, पट्टी बांधली. चोपड्याच्या पुढचा तो रस्ता, उन्हाचे दिवस, आणि हे सत्तरी ओलांडलेले. मला राग आला की रडू, ते मलाच कळेना. "मास्तर, कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. पाय बांधून झाल्यावर ते उठले आणि लंगडत लंगडत अक्कांच्या खोलीकडे निघाले. मी मागोमाग गेले, कारण माझ्याशिवाय त्या खोलीत बोलणं होत नव्हतं.

अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. त्यांची नजर आधी मास्तरांच्या तोंडाकडे गेली, मग पायांकडे, आणि तिथंच राहिली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्या रस्त्याची माती त्या लहानपणापासून ओळखत होत्या.

मास्तर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. "बाई, तिला सांगा," त्यांनी माझ्याकडे पाहून सुरुवात केली.

"तू थांब, ताई," अक्का म्हणाल्या.

आणि मास्तरांकडे बघून, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुम्ही मन्हासाठे चालनात?"

इतक्या वर्षांनी बायको मास्तरांशी सरळ बोलली होती. त्यांनी मान डोलावली. मग घाईघाईनं बोलू लागले, हे दार पुन्हा मिटायच्या आत सगळं सांगून घ्यायला हवं असं. "मागितलं काहीच नाही मी. नवस नाही केला. माझा त्यावर अजूनही विश्वास नाही, तुला खोटं कशाला सांगू? नुसता चाललो. तुला बरं वाटावं, एवढंच. तुला बरं वाटावं म्हणून."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"तव्हय बी मले बरं वाटाले, इतलंच पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या. "पोर तं जाणारच व्हती. ते मले बी समजे."

ज्यांच्याकडे पोस्टमनपासून पाळकापर्यंत सगळ्यांसाठी उत्तर होतं, ते मास्तर मांडीवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

अक्कांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तिकडूनच, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यासले सांग, पायले हळद लावी ल्या."

मास्तर अक्कांपासून हातभर अंतरावर बसले होते. मी त्यांना सांगितलं.